गोलमागची उत्तरं

आमचा फिंटन पत्रं भलत्याच घरांत टाकायला लागला, तेव्हा आमच्या बॅलिनकॉर गावात एकानंही तक्रार केली नाही. माझं दवाखान्याचं पत्र शेजारच्या हार्किनबाईंकडे गेलं, त्यांच्या बहिणीचं माझ्याकडे आलं. आम्ही कुंपणावरून अदलाबदल केली.

"पोस्टात कळवू नकोस हं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मॅच आहे."

फिंटन माझा धाकटा भाऊ. एरवी पोस्टमन, शुक्रवारी गोलकीपर. आमचा फुटबॉल क्लब बावीस वर्षं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कुजत पडलेला, आणि यंदा तिसऱ्या नंबरावर. गाव हुरळून गेलं होतं. मी दिवसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे गुडघे चोळते आणि शुक्रवारी टीमची फिजिओ म्हणून पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला बसते. कुणी पडलं की पहिली मी धावते.

पत्रांचा घोळ सुरू व्हायच्या आधी, जुलैत त्याचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. मेंदूला मार बसलाय का हे तपासायचे नेहमीचे पाच प्रश्न मी विचारले. मैदान कुठलं? हाफ कितवा? शेवटचा गोल कुणाचा? मागची मॅच कुणाशी झाली? जिंकलो का? त्याला चार आले. पाचातले चार म्हणजे बरेच की, असं मी स्वतःला समजावलं आणि त्याला खेळू दिलं. क्लबचे डॉक्टर माझ्या शब्दावर चालायचे. दुसऱ्या गोलकीपरचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तिसरा नव्हताच.

पुढच्या आठवड्यापासून आमचे मॅनेजर डेसी लूबी यांनी नवी टूम काढली. बूट बांधून झाले की ते म्हणायचे, "चला पोरांनो, जपमाळ." मग मैदान कुठलं, मागची मॅच कुणाशी आणि निकाल काय, हे अख्खी टीम एका सुरात घोकायची. राहिलेल्या दोन उत्तरांची जबाबदारी गोलमागच्या लोकांनी उचलली. सप्टेंबरात फिंटन पुन्हा पडला. मी तोंड उघडायच्या आत मागून गर्जना झाली, "दुसरा हाफ, फिंटन! गोल टायर्नीचा!" सगळं मैदान हसलं. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी तो माझ्याकडे चहाला आला. आल्या आल्या त्यानं खिडकीचा पडदा ओढला, उजेड डोळ्यांत घुसतो म्हणाला. पावाला लोणी लावून झालं, बशी बाजूला ठेवली, परत पुढ्यात ओढली आणि त्याच पावाला पुन्हा लोणी लावायला लागला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं.

"अट्टीताई, तू अगदी आईसारखी कटकट करतेस. पाच मॅच उरल्यात. मग हे डोकं काढूनच देतो तुला. ठेव फडताळात."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीपण नाही. या वयात पुन्हा कुठली संधी मिळणार मला?"

दुसऱ्या दिवशी मी डेसींना गाठलं. म्हटलं, याला बसवा. नाहीतर एखाद्या दिवशी तो पडेल तो उठायचाच नाही.

"पाचही उत्तरं येतात ना त्याला?"

"तुम्हीच शिकवलीत."

"मग? शाळेत तरी दुसरं काय करतात?"

मी सरळ डॉक्टरांना फोन करायला हवा होता. नाही केला. कळत होतं, वळत नव्हतं. वर जायची हाव मलाही होतीच.

नोव्हेंबरात शेवटची, निर्णायक मॅच, वरच्या डिव्हिजनमधल्या तळाच्या टीमशी. जिंकलो तर आम्ही वर. एक-शून्यानं पुढे होतो आणि नऊ मिनिटं राहिली होती. कॉर्नर आला, फिंटननं चेंडूवर झेप घेतली आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला.

मी पोचले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. मागचे लोक ओरडायलाही लागले होते. आता त्यांनी पाचही उत्तरं ताल धरून पाठ केली होती, आणि फिंटन त्यांच्यामागोमाग पुटपुटत होता. मैदान बरोबर. हाफ बरोबर. गोल बरोबर. पाचपैकी पाच.

"झालं ना?" डेसी कडेवरून ओरडले. "उठव त्याला!"

मी उठवूही शकले असते. पण मी गुडघ्यावर बसून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं हळूच विचारलं, "फिंटन, मी कोण?"

अनोळखी बाईकडे बघून हसावं तसा तो अदबीनं हसला. मग त्यानं सावकाश मान वळवली आणि गोलमागच्या गर्दीकडे पाहिलं.

मी बदलीसाठी हात वर केला. तशी तीच माणसं मला शिव्या घालायला लागली. तो मात्र त्यांच्याकडेच बघत होता, उत्तर कधी येतंय याची वाट पाहत.