चौदाव्या मिनिटाची लिंक

राजेश्वरीचं काम ऐकायला सोपं होतं. बेळगावची एक संस्था जंगलातल्या म्हाताऱ्यांची बोलणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर ऐकवायची. ऐकताना एखाद्या झाडाचं नाव आलं की त्याच क्षणी पडद्यावर लिंक उमटायची. ती दाबली की झाडाचा फोटो. कुठल्या सेकंदाला कुठली लिंक, हे राजेश्वरीनं ठरवायचं. जोयड्यात खोली घेऊन ती हे मन लावून करी. मिरवायची हौसही होतीच.

लखूअज्जा तिच्याच वाडीचा, बाजारकुणंगकडचा. काविळीवर वेलीचं औषध द्यायचा. बापानं त्याला शपथ घातली होती, वेलीची जागा तोंडानं सांगायची नाही, सांगितली की औषधाचा गुण जातो. राजेश्वरीनं रेकॉर्डिंग करताना जागा विचारली तेव्हा तो गप्प झाला आणि घरची पोर म्हणून तिला नुसतं बोट दाखवलं. वाडीच्या चालीनं तेवढं चालतं. चौदाव्या मिनिटाला सहा सेकंद शांतता राहिली. शहरातल्या कुणी ती सरळ कापली असती. पण बोटाच्या दिशेला कुठला ओढा आहे हे हिला ठाऊक, आणि रिकामी जागा हिला बघवेना. शहाणीनं तिथं नकाशाची लिंक जोडली.

दिवाळीनंतर जीप भरून माणसं आली आणि वेल मुळासकट खणून घेऊन गेली.

हे कळताच राजेश्वरी पहिल्या बसनं वाडीत आली. अज्जानं औषध देणं बंद केलं होतं. कॅसलरॉकहून आलेल्या एका बाईला त्यानं रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. जेवणावरची वासनाच उडाली होती त्याची. बोलायच्या भरात आपल्याच तोंडून जागा निसटली, शपथ मोडली, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. ते रेकॉर्डिंग एकदा ऐकव, म्हणून त्यानं तिला गळ घातली.

अंगणाच्या कोपऱ्यात कशीबशी रेंज आली. अज्जा डोळे मिटून ऐकत होता. चौदावं मिनिट आलं, त्याचा आवाज थांबला, पडद्यावर लिंकची निळी ओळ उमटली आणि गेली.

"न्हाई बोललो," अज्जा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी काय बोललोच न्हाई."

राजेश्वरी गप्प राहिली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं, आणि खरं सांगायचं तर तिला गप्पच राहायचं होतं. पण अज्जाचा चेहरा हळूहळू कठीण झाला. मग हे काम शेजारच्या चंद्राचंच, म्हणाला. जीपवाल्यांच्या संगतीत तोच असतो. आजपासून त्याच्या घरचं पाणीसुद्धा नको.

"चंद्रानं न्हाई, अज्जा," राजेश्वरी म्हणाली. "मी सांगितलं. तुमी बोट दाखवलासा, ते मी ह्यात घातलं. दाबलं की नकाशा येतोय."

फोनमधलं अज्जाला काही कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं.

"तू घरची, म्हणून दाखवलं," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

राजेश्वरीनं तिथंच अंगणात बसून लिंक काढून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही.