थोरल्याचं कार्ड, धाकट्याचं मशीन

कुणाला खरं वाटायचं नाही, आणि ज्याला वाटेल त्यानं आधी वैद्याला नाडी दाखवावी. पण गंगाखेडच्या वीरुपाक्षाचं लग्न एका कार्डावर अडलं होतं, आणि ते कार्ड लग्नपत्रिकेचं नव्हतं.

साल अठ्ठ्याऐंशी. वीरुपाक्षाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. हैदराबादेहून त्यानं टीव्हीला जोडायचा एक जुना कॉम्प्युटर आणला आणि गावभर डंका पिटला. डंका थेट पिंगळीच्या मन्मथअप्पांच्या कानी गेला. अप्पा धान्याचे अडते, मुलगी मल्लम्मा लग्नाची. त्यांनी निरोप धाडला, "मशिनीनं आमचं नाव मराठीत लिहून दाखवावं. तिथंच सुपारी फोडू. न्हाई तर शरणार्थ, आपापली वाट धरू!"

मल्लम्माला वीरुपाक्षानं जत्रेत एकदाच पाहिलं होतं. तेवढं पुरलं होतं.

मशीनला तर नुसती इंग्रजी येई. मराठी अक्षरांसाठी आत एक कार्ड खोचावं लागे. ते त्यानं नांदेडच्या मित्राकडून आणलं. कंपनी तीच, पण कार्ड थोरल्या मॉडेलचं आणि मशीन धाकटं. वीरुपाक्ष निर्धास्त. थोरल्याचा सदरा धाकट्याला होतोच की!

पाहुणे यायच्या दिवशी खोचायला गेला, तर बसेना. खाच बोटभर आखूड. उलटं केलं, कानशीनं कड घासली, अंगठ्यानं रेटलं. मशीन एकदा किणकिणलं आणि मुकं झालं. वीरुपाक्ष उठे, रस्त्यावर डोकावे, परत बसे. स्क्रू काढी, तोच स्क्रू परत पिळी. चहावर साय धरली.

"काय करायलास रं सकाळधरनं?" आई चन्नबसम्मा दारातून म्हणाली.

"बसंना गं. दोघांचं घराणं एकच हाय, तरी बसंना!"

"आरं येड्या, एका घराण्यात सोयरीक जमती व्हय? परक्या घरी दे की त्याला."

वीरुपाक्ष चमकला. परकं घर! टीव्ही दुसऱ्या कंपनीचा होता. तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. परभणीला गाडी बदलून पाहुणे दिवेलागणीला हजर. संगं मल्लम्माही. मुलीनं मुलाच्या दारी यायची रीत नव्हती, पण "मशीन मी बगणार म्हंजे बगणार," म्हणून ती हटून बसली होती.

"हं, जावईबापू," अप्पा मांडी घालत म्हणाले, "म्हंजे अजून झाला न्हाईत. काढा आमचं नाव."

वीरुपाक्षानं स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यानं टीव्हीचं मागचं झाकण काढलं, कार्ड पोटात सारलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आणि काय सांगावं! टीव्ही खाकरला, पडद्यावरच्या मुंग्या पांगल्या, आणि टपोऱ्या मराठीत अक्षरं उमटली, 'पिंगळीचे मन्मथअप्पा, यावं, बसावं.' अप्पांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली.

मी गोष्ट इथवर रंगवली, ओसरीवरची मंडळी माना डोलवायला लागली, तोच शेंगा सोलणाऱ्या बायांतून मल्लम्मा, हो, तीच, आता नातवंडांची आजी, कडाडली,

"खोटं! लय खोटं! टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला व्हता, आन् पाटी व्हती 'कापसावरील बोंडअळी'. अप्पाचा चष्मा पिंगळीलाच ऱ्हायलता. ते म्हणले, 'पोरी, वाच काय लिवलंय.' त्यांचं नाव मीच वाचलं!"