आठ जीबीची रॅम आणि बाबांचा आवाज

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी बाबांनी तीन दिवसांत वाचलेली वाक्यं ऐकायला बसले आणि पहिल्याच वाक्याला थांबले. ‘मला जरा उशी वर करून दे’ एवढ्यात दोन ठिकाणी खरखर, आणि ‘उशी’ हा शब्द गायबच. दुसरी फाइल उघडली नाही. तिसरी मध्येच तुटली.

संध्याकाळी पाचला बाबांना दाखल करायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठीसकट स्वरयंत्र काढणार होते. हॉस्पिटलमधल्या वाचातज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, की त्याआधी आवाज साठवून ठेवा, पुढे बाबा टाइप करतील आणि मशीन त्यांच्याच आवाजात बोलेल. मात्र रोज अर्धा तासच बोलायचं. घसा त्याहून जास्त सोसणार नाही.

बाबांनी बत्तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. प्रत्येक वाक्य ते सवयीने दोनदा वाचत, मध्ये थांबायला तयार नसत, आणि फोनवर रेकॉर्ड करू म्हटलं की तोंड फिरवत. “फोनवर आवाज पातळ येतो. माइक लाव.” लावला. पण अर्धा तास सलग रेकॉर्डिंग आमच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपेना, म्हणून मी आठ जीबीची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, आणून स्वतःच्या हाताने बसवली, आणि वर शेखीही मिरवली.

रॅम तपासायचा एक प्रोग्रॅम असतो. तो आधीच चालवायला हवा होता. आता लावला, तर दोन मिनिटांत स्क्रीन चुकांच्या लाल ओळींनी भरला. ती बोटभर पट्टी तीन दिवस गुपचूप बाबांचा आवाज कुरतडत होती आणि मी शेजारी बसून चहा पीत होते.

आजचा अर्धा तास अजून शिल्लक होता. दुसरी पट्टी मिळाली तर साठेक वाक्यं होणार होती. मी पिशवी उचलली तशी बाबांनी चपला घातल्या.

“तुम्ही कशाला?”

“तू भांडशील,” ते हळूच म्हणाले.

दुकानदार गोड बोलणारा होता. अशा माणसांची मला फार चीड येते. त्याने पट्टी हातातही घेतली नाही.

“रॅम चांगलीच आहे, मॅडम. तुमचा बोर्ड जुना आहे.”

“बोर्डाचा नंबर बघून तुम्हीच दिलीत. चालेल म्हणालात.”

“चालेल म्हणालो. चालेलच असं नाही म्हणालो.”

“मग तुमच्या मशीनवर लावून बघा.”

“सील तोडलेला माल आम्ही टेस्ट करत नाही. पॉलिसी आहे.”

“सील न तोडता बसवायची कशी?”

“ते तुम्ही बघायचं.”

मी मनातल्या मनात त्याचं नाव पॉलिसीशेठ ठेवलं. बदलून नको, दुसरी विकत द्या म्हटलं, तर त्या प्रकारची शिल्लक नाही, सोमवारी येईल. काउंटरवर त्याचा बिलं छापायचा कॉम्प्युटर होता, आमच्याइतकाच जुना. त्यातली पट्टी दोन तास द्या, हवं तर माझं ओळखपत्र ठेवून घ्या, असंही म्हणाले. त्याने हसून नकारार्थी मान हलवली. मग मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून फोन काउंटरवर ठेवला. तक्रार करायची तर पुरावा हवा.

“आता हेच सगळं पुन्हा बोला,” मी म्हणाले.

त्याच्याआधी बाबा बोलले.

“तिने साधा प्रश्न विचारलाय. उत्तर द्या. तिने साधा प्रश्न विचारलाय, उत्तर द्या.” तो स्थानकावरचा आवाज होता. मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी बाबांची बाही ओढली. त्यांनी हात झटकला.

“काका, आवाज चढवू नका,” दुकानदार म्हणाला.

ते ऐकल्यावर बाबांना आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. नऊ मिनिटं ते बोलत होते. माल, जबाबदारी, पावती, गिऱ्हाईक, सगळं काढलं, आणि सगळं दोनदा. मी “बाबा, पुरे, घसा” म्हणत राहिले. शेवटी त्यांनी उद्या सकाळी काय कापणार आहेत ते सांगितलं. ते मात्र एकदाच सांगितलं.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने स्क्रू काढले, आपल्या कॉम्प्युटरमधली पट्टी उपसली आणि पुढे केली. ओळखपत्रही घेतलं नाही.

घरी येऊन ती बसवली, तपासली. एकही लाल ओळ नाही. बाबा माइकसमोर ताठ बसले, कागद धरला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. पाच वाजेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. न तपासता पट्टी लावणारी मीच होते, आणि तक्रारीच्या हट्टापायी तिथे उभी राहिलेलीही मीच.

वाचातज्ज्ञ बाईंनी विचारलं, स्वच्छ असं काहीच नाही का? होतं. फोनमधली नऊ मिनिटं. त्यांनी त्यावरूनच आवाज तयार केला.

तीन आठवड्यांनी मशीन हातात आलं. बाबांनी खाटेवर बसून एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं. “जेवलीस का?” मशीन खेकसलं. मी दचकले. बाबाही दचकले. त्यांनी ‘पाणी दे’ टाइप केलं, तेही अंगावर आल्यासारखंच. मग ते बराच वेळ अक्षरं शोधत राहिले. मी खाली मान घालून चादर नीट करत होते.

“मी तुझ्यावर चिडलेलो नाही,” दुकानातला तो आवाज माझ्यावर ओरडला. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा बटण दाबलं.