हातात धरायची विडी

मित्रांनो, मला उचलाल तर उजवीकडून उचला. डावीकडे पोचा आहे, तिथली कड बोटाला लागते. मी पितळेची थाळी आहे. वय विचारू नका. ज्या लमायने नवी नवरी असताना मला घरात घेतले, तिचे आज सगळे दात पडले आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा. मला आता कशाचीच हौस राहिलेली नाही. चिंच लावून घासले की पूर्वी अंगात हुशारी यायची. हल्ली वाटते, कशाला छळता, पडू द्या मला. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे. तेवढी सांगते आणि गप्प बसते. लहान मुले ऐकत असतील तर त्यांना बाहेर खेळायला पाठवा. ही विडीची गोष्ट आहे, आणि तीही गांजाच्या.

माझा जन्म दक्षिणेकडच्या नाखोन गावातल्या एका पितळकाम करणाऱ्याकडे झाला. हातोडीचे घाव सोसून मला आकार आला, काठावर कमळाच्या पाकळ्या कोरल्या गेल्या, खाली बसकी बैठक मिळाली. क्लाय नावाच्या तरुण खलाशाने मला देवळाच्या जत्रेत पाहिले आणि बायकोसाठी घेतले. ही बायको म्हणजे लमाय. "इतकी चकाकणारी थाळी घेऊन मी काय करू? तोंड बघू?" असे ती म्हणाली, आणि खरोखरच बराच वेळ माझ्यात तोंड बघत बसली. तो दिवस आठवला की अजूनही बरे वाटते.

त्यांचे घर कांतांगच्या खाडीवर होते. तिथे चिखलात पाय रोवून बुटके ताड उभे असतात. त्यांची कोवळी पाने कापायची, शीर काढायची, साल सोलायची आणि उन्हात वाळवायची, हा तिथल्या बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. वाळलेले पान कागदाहून पातळ होते आणि त्याची विडी वळतात. लमायसारखा हात त्या काठावर दुसऱ्या कोणाचा नव्हता. माझ्यावर तंबाखू पसरलेली असायची, आणि क्लायसाठी वळायची असेल तर तिच्यात परसातल्या गांजाची चिमूट पडायची. तेव्हा त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्याची दोन पाने तर कोंबडीच्या रश्श्यातही जात. क्लाय होडीवर निघाला की लमाय वळलेली विडी त्याच्या बोटांत द्यायची, आणि तो ती संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. त्या विडीला डिंक नसतो की दोरा नसतो. ज्याच्या हातात ती असते, त्याच्या बोटांनी ती मिटलेली राहते.

पुढे कायदा कडक झाला. आमच्या काठावर ही बातमी सावकाश आली, पोलीस मात्र झटपट आले. एकाच्या बुटाची लाथ मला बसली, हा पोचा तेव्हाचा. माझ्यावर अर्धवट वळलेली विडी होती. ती कोणाची म्हणून विचारल्यावर क्लाय पुढे झाला. "माझी. बायकोला यातलं काही कळत नाही," असे तो म्हणाला. वळणारे हात लमायचे होते, तुरुंगात तो गेला.

सुटून आला तेव्हा त्याची गालफडे बसली होती. लमायने परसातली रोपे मुळासकट उपटून टाकली होती. तिने उंबऱ्यातच त्याला बजावले, "यापुढे ते या घरात दिसलं तर मी खाडीत उडी घेईन." क्लाय नुसता "बरं" म्हणाला आणि पाय धुवायला गेला. त्यानंतर त्याने कधी मागितली नाही. दुकानातल्या सिगरेटी ओढायचा आणि खोकायचा. मुलगी युपा मोठी झाली, शहरात निघून गेली. शेवटी क्लायने अंथरूण धरले तेव्हा एका दुपारी त्याने हळूच विचारले, "लमाय, एक वळतेस का गं?"

"गप पडून राहा. परत पोलीस बोलवायचेत का?"

"मला आता कोण पकडून नेतंय?" असे म्हणून तो हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली.

तिने वळली नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

आमच्याकडे मेलेली माणसे चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात पंधरवडाभर घरी येतात. त्यांना आवडायचे ते थाळीत मांडून देवळात न्यायचे असते. तांदळाच्या पिठाच्या, सुतासारख्या बारीक जाळीच्या गोड घड्या, लाह्यांचे लाडू, पान, सुपारी, ज्याची जशी आवड असेल तसे. क्लायच्या अस्थी देवळाच्या कुंपणभिंतीतल्या एका कोनाड्यात आहेत. लमाय दर वर्षी मला भरून तिथे न्यायची आणि ताडपानाची एक विडी कोनाड्यात ठेवायची. नुसत्या तंबाखूची, कारण दुसरे काही वळायची तिची छाती नव्हती. विडीला दोराही बांधायची नाही. मेलेल्याला द्यायच्या वस्तूला गाठ मारू नये, गाठीत त्याचा जीव अडकतो, असे तिच्या आईने तिला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी ती बघायला जायची, तर विडी उलगडलेली असायची आणि तंबाखू कोनाड्यात विखुरलेली.

"बघितलंस?" ती मला म्हणायची. घरी येताना वाटेत बोलायला मीच असायचे. "अजून राग गेला नाही त्याचा. माझी विडी उलगडून फेकून देतो. देऊ दे. मरताना मागितली तेव्हा दिली नाही, आता कशाला घेईल?"

वर्षामागून वर्षे हेच चालले. मला सगळे कळत होते, मित्रांनो. पण पितळेला वाजता येते, बोलता येत नाही. त्या वर्षांनी मी जेवढी दमले तेवढी हातोडीनेही दमले नव्हते.

मग एके दिवशी कायद्याने कूस बदलली. गांजा खुला झाला. युपाने पर्यटकांच्या गावात, समुद्रकिनाऱ्यावर दुकान काढले, बाहेर हिरव्या दिव्यांची पाटी लावली आणि आईला न्यायला आली.

"तू नुसती बस गं आई. नवशिक्यांना हाताने वळायला शिकव. परदेशी लोकांना असलं फार आवडतं."

"तुझे बाबा ज्यासाठी तुरुंगात गेले, त्याचं आता दुकान? आणि वर दिवे?"

"हो, आणि वर दिवे."

लमाय आली ती कुतूहलाने, मला गाठोड्यात बांधून. माझेही भाग्य उजळले. लोक वाकून वाकून माझे फोटो काढत. लमाय शिकवायची चांगले. देठ आणि बिया आधी काढून टाका, फार बारीक चुरू नका, पान ओले करू नका, नुसती तोंडाची वाफ द्या म्हणजे ते मऊ पडते. युपा शेजारी उभी राहून तिचे बोलणे त्यांच्या भाषेत सांगायची. पण शिकलेला प्रत्येक जण एकच गोष्ट करायचा. विडी वळायचा, माझ्यावर ठेवायचा, फोटो काढायला फोन शोधायचा, आणि तेवढ्यात विडी उलगडून माल सांडायचा.

"अरे, खाली कशाला ठेवतोस, ताडमाडा?" लमाय एका उंच गोऱ्या माणसावर खेकसली. "ठेवायचीच होती तर वळलीस कशाला?"

"काय म्हणतात त्या?" त्याने विचारले.

"छान वळलीत म्हणतेय," युपा म्हणाली.

लोक तक्रारी करू लागले. युपाने डिंक लावलेले कागद आणले, मग तयार पोकळ नळ्या आणल्या. नळीत माल भरायला मशीन आले, आणि शिकण्यासारखे काही उरले नाही. त्यातच लमायचा हात थरथरायला लागला. एका सकाळी ती आपले गाठोडे घेऊन बसने घरी निघून गेली. मी दुकानात राहिले. आधी शोभेला, मग किल्ल्या, चार्जर आणि रबरबँड ठेवायला. माझ्यावर काळे डाग चढले, कोणी बघितले नाही. खरे सांगते, मीही बघितले नाही.

कायद्याने पुन्हा अर्धी कूस बदलली. आता डॉक्टरची चिठ्ठी लागणार होती. आजूबाजूची दुकाने एकामागून एक बंद पडली, युपाचेही पडले. मला खोक्यात घालून ती आईकडे आली. दहावा महिना लागला होता.

लमायने मला बाहेर काढले, चिंच लावून घासले आणि ताडपाने माझ्यावर मांडली. तंबाखूची पहिली विडी वळताना तिचे हात असे हलू लागले की तंबाखू मांडीवर सांडली. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिने पान बाजूला ठेवले आणि डोळे पुसले.

"आई, अगं एवढं काय त्यात? मी बाजारातून आणते."

"बाजारातली त्याला चालायची नाही. माझी वळलेली तरी कुठे चालते म्हणा. दर वर्षी फेकून देतो."

युपाला यातले काहीच ठाऊक नव्हते. लमायने तिला सगळे सांगितले. बाबांनी शेवटी काय मागितले तेही. युपा खाली मान घालून ऐकत होती. मग उठली, पिशवीतून एक डबी काढली आणि माझ्यावर ठेवली.

"माझ्या पाठदुखीसाठी चिठ्ठीवर घेतलाय. बाबांना हवी होती ती वळ या वर्षी. कोणी पकडणार नाही."

लमाय डबीकडे बघत राहिली. "आता मिळालाय, तर हात नाहीत. तू वळ."

"मी? मला मशीनवर येतं."

"वळायला शिका म्हणून पाटी लावली होतीस ना दुकानावर? मग शीक आता."

अशी ती दुकानदारीण नवशिकी झाली. पहिले पान तिने थुंकीने भिजवले, ते फाटले. "पाकीट चिकटवतेयस का?" लमाय म्हणाली. दुसऱ्यात माल इतका ठासला की वारा जाईना. "आणि ही कोणावर झाडायची गोळी? सैल भर. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. अंगठा पुढे ने, बोटं नुसती मागे येऊ देत. ओढू नकोस गं, ती काय म्हैस आहे?"

"ओरडू नकोस, मग जमेल."

"तुझे बाबा असते तर एव्हाना झोपले असते."

दुपार कलली तेव्हा एक बरी विडी जमली. थोडी पोट सुटलेली, पण विडीच. युपाने ती जपून माझ्यावर ठेवली आणि हात धुवायला न्हाणीत गेली. परत येऊन बघते तर पान उलगडलेले आणि हिरवा चुरा माझ्या पाकळ्यांवर पसरलेला.

"आई! तू का उलगडलीस? किती मेहनतीने वळली होती मी!"

"मी कशाला उलगडू?" लमाय वैतागून म्हणाली. "पान आहे ते. कोणी धरलं नाही की उलगडतंच. दुकानात घसा फोडून सांगत होते ना मी सगळ्यांना, खाली ठेवलं की ते…"

ती मधेच थांबली. तिचे तोंड तसेच उघडे राहिले.

युपा तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, बाबा काही करत नव्हते गं."

 लमाय एकदम माझ्या काठावर हात आपटून म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या माणसाशी भांडत होते! इतकी वर्षं! आणि तो बिचारा काहीच करत नव्हता!" ती हसली की रडली हे मला सांगता येणार नाही. माझ्यावर पडले ते पाणी खारट होते एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी युपाने देवळाच्या भिंतीशी बसूनच ताजी विडी वळली. मी गोडधोडाने भरलेली कोनाड्याखाली होते. लमायने विडी दोन बोटांत धरली, युपाने काडी ओढून पेटवली.

"आता ही ठेवायची नाही," लमाय म्हणाली. "संपेपर्यंत धरायची."

तिचा हात थरथरायला लागला, तसे युपाने तिचे मनगट धरले. विडी कोनाड्यासमोर धरलेली, धूर आत जातोय. ताडपानाची विडी ओढली नाही की विझते. ती विझत आली की लमाय एक झुरका घ्यायची, खोकायची आणि पुन्हा कोनाड्यापुढे धरायची. "घे रे, तुझी पाळी," असे म्हणायची.

देवळाची राखण करणारा म्हातारा फुआक झाडू घेऊन आला. तरुणपणी तो क्लायच्याच होडीवर होता. त्याने नाक वर करून वास घेतला.

"लमाय, उदबत्ती कुठली आणलीस?"

"क्लायची."

फुआकने झाडू भिंतीला टेकवला आणि थोडा दूर उकिडवा बसला. "त्याला म्हणावं, फुआकची आठवण ठेव," एवढेच बोलला.

विडी संपली तेव्हा बोटांना चटका बसत होता. लमायने उरलेले थोटूक कोनाड्यात ठेवले. त्यात उलगडायला आता काही राहिले नव्हते. घरी येताना वाटेत ती माझ्याशी काही बोलली नाही. ती युपाशी बोलत होती, आणि मला ते चालले.

तर मित्रांनो, मी दमले आहे, आता मला भिंतीला टेकवून ठेवा. घासले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी काही मागत असेल, तर ते पुढ्यात ठेवून निघून जाऊ नका, आणि माणूस गेल्यावर तर मुळीच नाही. ठेवायला माझ्यासारख्या थाळ्या पुष्कळ मिळतील. धरायला हात लागतात, आणि ते मला कोणी घडवून दिले नाहीत.