कोपरावरचे मांडे

आमच्या असोद्यात मांडे करावेत ते माझ्या सासूबाईंनी, बेबाबाईंनीच. पुरण भरलेला गोळा त्या हातांवर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत पसरवायच्या आणि अलगद तापल्या खापरावर टाकायच्या. लग्न कुणाचंही असो, चुलीपुढचा पाट बेबाबाईंचा. मग त्याच कोपरांवर सोरायसिसचे लाल, खवलेदार चट्टे उठले आणि बोलावणी बंद झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "आता दमत असशान तुम्ही," म्हणायच्या बाया. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

औषधांनी चट्टे बरेच कमी झाले. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी गल्लीभर सांगत सुटले. हा सांध्यांतही उतरतो म्हणून ते दरवेळी विचारायचे, "सांधे दुखतात का?" सासूबाई "नाही" म्हणायच्या आणि मी शेजारी बसून नंदीबैलासारखी मान डोलवायची.

यंदा समोरच्या झुंबरबाई स्वतः बोलवायला आल्या. नातीचा साखरपुडा होता, पाहुणे देवपूरचे. सासूबाई हरखून गेल्या. पण त्या दिवशी सकाळी त्यांना पोलक्याचं बटण लावता येईना. पाहते तर दोन बोटं वेलची केळ्यांसारखी सुजलेली. कित्येक महिने दुखत होती म्हणे. दिव्याखाली अंधार तो असा.

"जाऊ नका आज," मी चिडून म्हटलं.

"नाही गेली त म्हनतीन, पाहा, रोगच व्हता. पुन्हा कोनी बलावनार नाही मले."

आम्ही गेलो. पहिलाच मांडा कोपराशी फाटला आणि पुरण परातीत सांडलं. असं कधी झालं नव्हतं. सासूबाईंची मान खाली गेली आणि माझा जीव टांगणीला लागला.

झुंबरबाईंनी तो मांडा सासूबाईंच्या हातांवरून उचलला, तसाच खापरावर टाकला, भाजला आणि सगळ्यांदेखत उभ्याउभ्याच खाल्ला. उरलेला तुकडा नातीच्या हातात दिला.

"चव तीच हाये," त्या म्हणाल्या. "दुसरा घ्या."

"बोटं मिटत नाही माही," सासूबाई म्हणाल्या. "लपवत व्हती मी."

चट्ट्यांसाठी त्यांनी कधी टिपूस गाळलं नव्हतं. आता मात्र परातीपुढे बसून ढसाढसा रडल्या.

"मोहिनी," त्या मला म्हणाल्या, "उद्या डाक्टरले खरं सांगू."