दीपगृहाच्या सिनेमातला ट्रँगल

"अन्वर, दुकानात गिऱ्हाईक शिरल्यासारखा दचकून वाजवतोस तू!" बेनेडिक्टनी हातातली काडी स्टँडवर आपटली. "बासरी संपू दे. ती दम घेते, तेवढ्यात एक. मग चेलो वर चढायला लागला की दोन. पळायचं नाही, गाडी सुटत नाहीये."

"घाम येतोय सर हाताला. सळई निसटते."

"मग पुस. पुन्हा. बासरीपासून."

मद्रासमधल्या पेरंबूरच्या चर्चमागच्या हॉलमध्ये सगळे हसले. अन्वरनेही हसत शर्टाला हात पुसला आणि लोखंडी सळईचा तो छोटा त्रिकोण, ट्रँगल, पुन्हा वर धरला. त्याचं रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आयुष्यात त्याने कुठलंही वाद्य हातात धरलेलं नव्हतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत एकांबरम बसले होते. वर्षभरानंतर ते या मंडळींत येत होते. मंडळी एकाच वेडाची. सिनेमातली गाणी सगळं जग ऐकतं. यांना गाण्यांच्या मधलं हवं असायचं. नायिका जिना उतरते तेव्हा व्हायोलिन काय करतात, बाप मेल्याचं कळतं तेव्हा एकच बासरी का वाजते, असलं. फोनवर त्यांचा ग्रुप होता. मद्रासची माणसं, मदुराईची, सिंगापूरला गेलेली, कॅनडात बर्फ उपसणारी. दिवसभर तिथे चार सेकंदांचे तुकडे टाकायचे आणि त्यावर चार दिवस भांडायचं.

त्यांचं दैवत म्हणजे मास्टर देवसहायम. मास्टरना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी लिहिलेले कागद तेव्हाच रद्दीत गेले होते, कारण पार्श्वसंगीताची तबकडी कुणी काढत नसे. मग ही मंडळी जुन्या सिनेमांतून ते ऐकून ऐकून पुन्हा लिहून काढायची, आणि मास्टरांच्या जयंतीला एखादा तुकडा स्वतः वाजवायची. नियम एकच. मास्टरनी घातला नाही तो सूर आपण घालायचा नाही. या नियमाचा सगळ्यात कडक राखणदार म्हणजे एकांबरम. वीज मंडळात मीटर वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण कान असा की एकदा जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांनी बेनेडिक्टना एक अख्खी सुरावट मास्टरांची नाही म्हणून काढून टाकायला लावली होती. बेनेडिक्ट महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. नंतर त्या सिनेमाची मूळ प्रत कुठेतरी सापडली, तीत ती सुरावट नव्हती. एकांबरम बरोबर निघाले.

यंदाचा तुकडा दीपगृहाच्या सिनेमातला होता. तो सिनेमा एक आठवडा चालून उतरला. त्याची रिळं कुजली. शिल्लक होती ती फक्त एकांबरमनी थिएटरात बसून केलेली टेप. बायको गेली तेव्हा ग्रुपमधली वसुमती भेटायला आली होती, आणि निघताना भीत भीत तिने टेपची चौकशी केली होती. एकांबरमनी कपाटातून काढून दिली. त्यानंतर ग्रुपही उघडला नाही आणि टेपची विचारपूसही केली नाही. परवा बेनेडिक्टचा फोन आला, "तुम्ही ऐकून हो म्हटल्याशिवाय आम्ही लोकांपुढे उभे राहणार नाही." म्हणून आज ते आले होते.

बासरी सुरू झाली. दीपगृहावरचा माणूस वादळात अडकला आहे आणि त्याची बायको खाली किनाऱ्यावर वाट बघते आहे, तो प्रसंग. बासरीने दम घेतला. ट्रँगल वाजला. टिंग. दोराईराज नावाचे दातांचे डॉक्टर चेलो वाजवत होते, त्यांनी डोळे मिटून सूर वर नेला. टिंग, टिंग. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा एक, अगदी हलका.

एकांबरमच्या कपाळाला आठी पडली. चेलो त्यांना पाठ होता. बासरी पाठ होती. हे टिंग कुठलं?

"काय अण्णा?" बेनेडिक्टनी लगेच विचारलं. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता.

"वसुमती, टेपवरचं ऐकव मला जरा."

वसुमती बँकेत अधिकारी होती. रात्री पोरं झोपली की कानाला हेडफोन लावून स्वरलेखन करायची. तिने लगबगीने मोबाइल आणि इयरफोन आणला. "साफ केलीय हं अण्णा. पंख्याची घरघर होती, कुणी खोकत होतं, एक बाई मधूनमधून बोलत होती, ते सगळं काढलं. मूळ टेप जशीच्या तशी आहे, काळजी नको."

एकांबरमनी इयरफोन कानात घातला. साफ केलेल्या आवाजात बासरी अगदी जवळ वाजत होती. मग ते टिंग आलं आणि त्यांना कळलं.

टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बायकोच्या, मरगदमच्या मांडीवर ठेवलेला असायचा, कारण दारावरचा माणूस बायकांच्या पिशव्या बघत नसे. तिला संगीतात काडीचा रस नव्हता. सिनेमाला ती भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा घेऊन यायची. अंधारात सोलायची. शेंग चिमटली की काचेच्या बांगड्यांवर सोन्याची पातळ बांगडी आपटायची. एक. दाणे काढताना दोन. शेंग किडकी निघाली की बराच वेळ काही नाही.

त्यांनी इयरफोन काढून वसुमतीच्या हातात दिला.

"बरोबर आहे ना?" वसुमतीचा चेहरा उजळला होता. "तो ट्रँगल सापडायलाच मला पावसाळा लागला. ताल नाहीच त्याला! ठेक्यात कुठेच बसत नाही. ग्रुपवर वाचलं नाहीत तुम्ही? कॅनडाच्या चिदंबरनाथननी केवढा लेख लिहिलाय. म्हणे, ट्रँगल म्हणजे दीपगृहाचा फिरणारा दिवा. वादळात तो अडखळतो, म्हणून टिंग अडखळतं."

"असं लिहिलंय?"

"आणि मास्टरांशिवाय हे कुणाला सुचणार, असं शेवटी."

"चहा घेऊ या," एकांबरम म्हणाले.

हॉलबाहेर कडुलिंबाखाली बाकावर चहा आला, गरम बोंडे आले. एकांबरम एका टोकाला बसले. काही बोलायचं नाही, एवढंच तर करायचं होतं. रविवारी हॉल भरेल. लोक डोळे मिटून ऐकतील आणि मरगदम मधेच शेंग सोलेल. पुढच्या जयंतीलाही सोलेल. घरात आता तिचा कुठलाच आवाज उरला नव्हता. कुकरची शिट्टीसुद्धा वेगळी वाटायची, कारण ती कुणी वेळेवर बंद करत नसे. इथे मात्र ती चारचौघांत, बासरी आणि चेलोच्या मधोमध बसली होती. कुणाचं काय बिघडत होतं?

अन्वर बोंडा घेऊन शेजारी टेकला.

"अण्णा, खरं सांगा. बरं वाजतंय ना?"

"बरं वाजतंय."

"बायको म्हणते, इतकी वर्षं नुसता त्या लोकांत जाऊन बसतोस, टाळ्या वाजवतोस, चहा आणतोस. यंदा तिला सांगितलं, माझ्यावाचून अडतंय त्यांचं. नवा शर्ट शिवलाय. मास्टरांच्या वाद्यवृंदात आपण, म्हणजे..." त्याने बोंडा तोंडात कोंबला.

एकांबरमनी चहा संपवला. पेला बाकाखाली ठेवला. मास्टरांच्या वाद्यवृंदात, असं अन्वर म्हणाला होता. मरगदम ऐकती तर म्हणाली असती, मला कशाला ओढता त्यात, मी आपली शेंगा खात होते.

आत गेल्यावर सगळे जागेवर बसले. बेनेडिक्टनी काडी उचलली.

"बेनेडिक्ट, ट्रँगल काढा," एकांबरम म्हणाले.

"काय?"

"मास्टरांचा नाही तो."

वसुमती उभी राहिली. "अण्णा, टेपवर आहे! तुम्ही आत्ता ऐकलंत. नाहीतर मी काय मनाने लिहिलं?"

"टेपवर आहे. सिनेमात नव्हता."

"म्हणजे?"

"आमच्या घरातला आहे तो." त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा आवाज सरळ निघाला. "पिशवी हिच्या मांडीवर होती. बांगड्या वाजल्यात. शेंगा सोलत होती."

मग अन्वरने हातातल्या त्रिकोणाकडे पाहिलं.

"म्हणजे अण्णा, दोन महिने मी शेंगा सोलतोय?"

पहिलं हसू दोराईराजना फुटलं. मग बासरीवाल्या मुलीला, मग सगळ्यांना. बेनेडिक्ट स्टँडला धरून हसले. एकांबरमही हसले, आणि हसता हसता त्यांनी खिशातला रुमाल काढला.

"अण्णा," वसुमती हळू आवाजात म्हणाली, "ती बाई बोलत होती... ते मी काढलं. मला माहीत नव्हतं."

"गोंगाटच होता तो. काढायलाच हवा होता. काय बोलत होती?"

"एकदा म्हणाल्या, मीठ कमी पडलंय."

"पडलंच होतं."

बेनेडिक्ट त्यांच्याजवळ येऊन उकिडवे बसले. एकांबरमनी सुरावट काढायला लावली तेव्हा महिनाभर न बोलणारा हा माणूस. "अण्णा, आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. राहू दे. शोभतंय ते तिथे. मी सांगतो, मास्टर असते तर त्यांनी ठेवलं असतं."

"ते असते तर त्यांनी ठरवलं असतं. ते नाहीत. म्हणून तर आपण असं बसतो ना?" एकांबरम म्हणाले. "आणि हिला वाद्यवृंदात बसायची हौस नव्हती. अर्ध्या सिनेमाला झोपायची."

वसुमतीने सगळ्यांच्या कागदांवरच्या त्या खुणा एकेक करून खोडल्या. त्याच दिवशी तिने ग्रुपवर लिहिलं की ट्रँगल मास्टरांचा नाही, चूक माझी. कॅनडाचे चिदंबरनाथन दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं की दिव्याबद्दलचं आपलं मत मात्र कायम आहे.

रविवारी हॉल भरला. मंचावर मास्टरांचा हार घातलेला फोटो होता. एकांबरम तिसऱ्या ओळीत कडेला बसले. अन्वर आला आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. नवा शर्ट होता. कॉलर अजून कडक होती.

"बायको आलीय?" एकांबरमनी विचारलं.

"मागे बसलीय. तिला म्हटलं, यंदा ऐकायला माणूस कमी पडत होता."

दिवे मंद झाले. बासरी सुरू झाली. तालमीपेक्षा ती बरी होती. खाली वाट बघणारी बाई डोळ्यांपुढे आली. बासरीने दम घेतला आणि त्या जागेत काहीच आलं नाही.

"इथे मी होतो," अन्वर कुजबुजला.

"हो," एकांबरम म्हणाले.

मग चेलो वर चढायला लागला. दोराईराजनी डोळे मिटले होते. दोन महिने ते त्या टिंगकडे कान लावून वाजवत आले होते, आणि कागदावरची खूण खोडली तरी हाताला ते कळलेलं नव्हतं. ऐन चढावर त्यांचा गज किंचित थांबला. एक श्वास. कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग पुढे गेला. पुढच्या जागी पुन्हा थांबला. बेनेडिक्टनी काडीच्या टोकाने त्यांना पुढे ढकललं. अन्वरचं बोट गुडघ्यावर उठलं होतं, ते तसंच राहिलं. बाकी हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

टाळ्या संपल्यावर मंडळी मंचावरून उतरली ती थेट तिसऱ्या ओळीकडे आली. दर वर्षी असंच व्हायचं. आधी एकांबरमच्या चुका ऐकायच्या, मग जेवायला जायचं.

"बोला अण्णा," बेनेडिक्ट घाम पुसत म्हणाले. "कुठे कुठे मारलं मास्टरांना?"

दोराईराज मागे चेलो धरून उभे होते. त्यांना कळलेलं होतं. ते खाली बघत होते.

"दुसरं व्हायोलिन सुरुवातीला चढं लागलं," एकांबरम म्हणाले. "शेवटी घाई झाली."

"आणि?"

"एवढंच."

"चेलो?"

एकांबरम खुर्चीचा आधार घेऊन उठले. त्यांनी धोतर सारखं केलं.

"चेलोत काही नाही," ते म्हणाले. "चला, जेवण गार होईल."