दर्शनाचं अंदमान

मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये कुणी नुसतं पनवेलला मुक्कामाला निघालं तरी चार माणसं खाली सोडायला येतात. दर्शना आणि विकी तर थेट अंदमानला निघालेले, लग्नाला वर्ष झालं म्हणून. मग काय विचारता, पहाटे पहाटे अख्खी बिल्डिंग रिक्षाभोवती. तळमजल्यावरच्या राधाकाकूंनी दर्शनाच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा कोंबला आणि वर फर्मान सोडलं, "येताना मला एक शंख आण गं. चांगला मोठा, शोकेसमध्ये ठेवायला."

आणि विमानतळावर कळलं की तिकडे वादळ आलंय, विमान रद्द.

विकी म्हणाला, "चल, घरी जाऊन मस्त झोपू."

"घरी? डोकं फिरलंय का तुझं?" दर्शना बॅगेवरच बसली. अकोल्याकडच्या तिच्या गावात लोक फाट्यापर्यंत पोचवायला येतात, आणि पोचवलेलं माणूस दुपारी परत उगवलं तर वर्षभर हसं होतं. "रविवारच्या आधी मी त्या गेटातून आत जाणार नाही. राधाकाकू जन्मभर 'अंदमानवाली' म्हणून हाक मारतील मला."

विकीचं डोकं तसं बरं चालतं, फक्त उशिरा. "मग मनोरीला जाऊ ना. मालाडच्या मार्वेहून बोट आहे. बोटीनं जायचं म्हणजे बेटच झालं की."

बोट सुटली म्हणेपर्यंत पोचलीसुद्धा. पलीकडे ब्रिजिटबाई नावाच्या कोळणीच्या घरात खोली मिळाली, पुढे अंगण, मागे ताडाची झाडं. आता खरी गंमत ऐका. आपल्या दर्शना बाईसाहेबांना समुद्रच आवडला नाही. पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर गेली, चपलेत वाळू शिरली, लाटेनं सलवार भिजवली, आणि परत येऊन तिनं जाहीर केलं, "झाला समुद्र बघून. आता दुसरं काय आहे इथे?"

ब्रिजिटबाई अंगणातूनच म्हणाल्या, "इकडे ये. बोंबील लाव."

बोंबील वाळत घालायचे म्हणजे दोघांच्या जबड्यात जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टांगायची. दर्शनाचे पहिले सगळे घसरून खाली. ब्रिजिटबाई हसून हसून बेजार. पण दुसऱ्या दिवशी तिचा हात असा बसला की बांबू भरून गेला, आणि ती प्रत्येक जोडीला बिल्डिंगमधल्या नवरा-बायकोची नावं देत सुटली.

मग सायकल. शाळेनंतर तिनं सायकलला हात लावला नव्हता, आणि विकीला तर येतच नाही. त्यामुळे ती चालवणार आणि हा मागे कॅरियरवर, मांडीवर ताडगोळ्यांची पिशवी घेऊन. गावातली पोरं मागून ओरडायची, विकी त्यांना हात हलवायचा. संध्याकाळी लग्नाच्या बॅन्डवाल्यांचा सराव चालायचा. त्यांच्या ट्रम्पेटवर ती ब्रिजिटबाईंच्या सुनांबरोबर नाचली, अशी नाचली की स्वतःच्या लग्नातही नाचली नव्हती. खूश होती हो पोरगी, अगदी वेड्यासारखी खूश. फक्त रात्री अंथरुणावर पडलं की मनात यायचं, कुणी ओळखीचं भेटलं तर?

शनिवारी ती विकीला कॅरियरवर घालून गोराईच्या पॅगोडाला गेली. आत दोघं डोळे मिटून शांत बसले. बाहेर येऊन पायऱ्या उतरतात तर समोर पांढऱ्या साड्यांची रांग. बिल्डिंगचं महिला मंडळ, वार्षिक सहल. सगळ्यांत पुढे राधाकाकू.

विकी खांबामागे गेला. शूर माणूस.

राधाकाकूंनी दर्शनाला खालून वर पाहिलं. उन्हानं रापलेलं तोंड, हाताला बोंबलाचा वास. "अंदमानात पण पॅगोडा आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

वाट लागली. थाप मारावी असं दर्शनाच्या मनात आलं, पण तोंडून खरंच निघालं. "विमान रद्द झालं, काकू. परत यायची लाज वाटली. तुम्ही सगळ्या खाली आलेलात, पुरणपोळ्या दिलेल्या." आणि तिला रडूच आलं.

काकूंनी कमरेचा रुमाल काढून तिच्या हातात दिला. म्हणाल्या, "आणि इतके दिवस इथे करतेस काय? वाळूत बसतेस?"

"वाळूत नाही बसत," दर्शना नाक पुसत म्हणाली आणि सांगायला लागली. बोंबील, सायकल, ताडगोळे, बॅन्ड. सांगता सांगता तिचं रडू कधी थांबलं तिलाही कळलं नाही. बायका जवळ सरकल्या.

"आम्ही दरवर्षी येतो," काकू म्हणाल्या, "बुद्धवंदना करतो, डबा खातो, परतीची बोट पकडतो. कुणी आम्हाला बोंबील लावायला बोलावलं नाही ते." मग मागे वळून, "चला गं. आज शेवटच्या बोटीनं जाऊ."

त्या दुपारी ब्रिजिटबाईंच्या अंगणात पांढरे पदर खोचले गेले. संध्याकाळी ट्रम्पेट वाजल्यावर राधाकाकू अशा नाचल्या की बॅन्डवाला सूर विसरला. जाताना प्रत्येकीच्या हातात ओल्या बोंबलांची पिशवी होती.

रविवारी दर्शना बॅग ओढत बिल्डिंगच्या गेटाशी आली. सगळे पुरुष खाली खुर्च्या टाकून बसलेले. राधाकाकू पुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं, कशी झाली अंदमानची सफर?"

दर्शनानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काकूंची पापणीसुद्धा हलली नाही.

"झकास झाली, काकू."

"आणि माझा शंख? राहू दे, नसेल मिळाला. वादळ होतं म्हणे तिकडे."

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश मात्र पेपरातून डोकं न काढता मघापासून हुंगत होते. "हा बोंबलाचा वास कुठून येतोय हो?"

दर्शनानं मान वर केली. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, गॅलरीगणिक, कपड्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवलेले, जोडीजोडीनं.